लंगोट, कुंकू आणि कायदा

कोल्हापुरात बिनलग्नाच्या पुरुषाला मान मिळण्याची हक्काची जागा म्हणजे तालीम. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमींत खेड्यापाड्यांतली पोरं राहायला यायची. पहाटे मातीत उतरायचं, जोर-बैठका मारायच्या, दूध-बदाम रिचवायचे आणि लग्नाचं नाव काढायचं नाही. 'लंगोटाचा पक्का' ही वस्तादाच्या तोंडून मिळणारी मोठी शाबासकी. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, 1912 मध्ये खासबागचं मैदान उभं राहिलं आणि पैलवानाचं ब्रह्मचर्य साऱ्या पेठेच्या अभिमानाचा विषय झालं. एरवी गावात एकटा बाप्या दिसला की लोक 'सडाफटिंग' म्हणून हसत. पण त्याच्या वाट्याला येई ती थट्टा, अपशकुनाचा ठपका नव्हे.

बाईच्या एकटेपणाला अशी तालीम नव्हती.

नवरा असेतोवर ती सवाष्ण: ओटी तिची, हळदीकुंकू तिचं, बारशाला पाळण्याची दोरी तिच्या हाती. नवरा गेला की त्याच घरच्या मंगलकार्यात ती माजघरात. शेतकरी जातींत विधवेचा पाट लावत, पण पाटाला लग्नाची बरोबरी नसे. विधी रात्री, वाजंत्रीशिवाय उरकला जाई. ब्राह्मणांत आणि स्वतःला कुलीन म्हणवणाऱ्या मराठा घरांत तेवढीही वाट नव्हती. रेणुकेला सोडलेल्या जोगतिणीची तऱ्हा निराळी. मार्गशीर्षातल्या रांडव पुनवेला देवीबरोबर तिचंही चुडेदान होई आणि पुढे अहेव पुनवेला बांगड्या पुन्हा हातात चढत. देवीचं वैधव्य दरसाल फिटे. गावातल्या विधवेचं जन्मभर पुरे.

कोल्हापुरात या साऱ्याला सरकारी कागदावर पहिला धक्का बसला तो जुलै 1917 मध्ये. विधवेच्या पुनर्विवाहाला ब्रिटिश हद्दीत 1856 पासून कायद्याची मान्यता होती. कोल्हापूर संस्थानात आता शाहू महाराजांनी पुनर्विवाहाच्या नोंदणीचा कायदा केला. 1919 मध्ये आंतरजातीय विवाहाचा, काडीमोडीचा आणि बायकांना क्रूरपणे वागवण्याला आळा घालणारा असे कायदे पाठोपाठ आले. 1920 मध्ये जोगत्या-मुरळी सोडण्याच्या प्रथेविरुद्ध पाऊल पडलं. काडीमोड जातपंचायतीच्या मर्जीवर असे. ती आता कायद्याच्या कक्षेत आली. मुंबई प्रांतातल्या हिंदू बाईला घटस्फोटाच्या कायद्यासाठी 1947 पर्यंत थांबावं लागलं, हे ध्यानात घेतलं की या संस्थानी कायद्यांचं वजन कळतं.

पण पुनर्विवाहाच्या कायद्याला पुरतं वर्षही झालं नव्हतं, तोच वैधव्य थेट राजवाड्यात आलं. जून 1918 मध्ये महाराजांचे धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी शिकारीत अपघाताने गेले. त्यांच्या पत्नी इंदुमतीदेवी, सासवडच्या जगतापांची लेक, तेव्हा अवघ्या अकरा वर्षांच्या. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. त्यांचा पुनर्विवाह झाला नाही. कायदा करणाऱ्या राजाच्या घरीही ती मजल गाठली गेली नाही, हे नोंदवलंच पाहिजे.

महाराजांनी दुसरी वाट धरली. वाड्यातला विरोध बाजूला सारून त्यांनी सुनेला शहराबाहेर सोनतळीला ठेवलं, शिक्षक नेमले आणि सोबतीला वेगवेगळ्या जातींच्या मुली शिकायला ठेवल्या. 1922 मध्ये महाराज गेले, तरी शिक्षण थांबलं नाही. इंदुमतीदेवी मॅट्रिक झाल्या. पुढे 1971 मध्ये निधन होईपर्यंत त्या कोल्हापुरातल्या स्त्रीशिक्षणाच्या कामात वावरल्या. जोडीदाराशिवाय जगणाऱ्या बाईला शिक्षण आणि काम मिळालं तर ती ताठ मानेने उभी राहते, याचं उदाहरण शहराला राजघराण्यातच दिसलं. मात्र त्यामागे संस्थानाचा खजिना होता. शिरोळ-कागलच्या वाडीवस्तीवरच्या विधवेकडे यातलं काहीच नव्हतं.

तिच्यापर्यंत बदल पोहोचायला शंभर वर्षं गेली. 4 मे 2022 रोजी, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या दोनच दिवस आधी, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवऱ्याच्या अंत्यविधीवेळी बाईचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं गावात होऊ नये, असं त्यात ठरलं. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून साऱ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं.

1917 च्या कायद्याने विधवेला पुन्हा जोडीत जाण्याची मुभा दिली होती. हेरवाडच्या ठरावाने जोडी नसतानाही तिचा मान तिच्यापाशी राहावा, असं पहिल्यांदा गावाच्या दप्तरात लिहिलं. या दोहोंत दुसरी गोष्ट अवघड, कारण तिथे बाईने नव्हे, भोवतालच्यांनी बदलायचं असतं. हा ठराव विधवांपुरता आहे. टाकलेली, काडीमोड घेतलेली, लग्नच न केलेली बाई त्यात नाही. पुढच्या हळदीकुंकवाच्या निमंत्रणांची यादी करताना या नावांचाही विचार व्हावा. त्यासाठी ग्रामसभेची वाट पाहायची गरज नाही.