पेनातलं सोनं

कोल्हापूरच्या गुजरीत आमच्या सराफी पेढीवर लोक दागिना मोडायला यायचे, गहाण ठेवायला यायचे, नुसता भाव विचारायलाही यायचे. अधूनमधून कुणी पेन घेऊन यायचं. जावयाला आहेरात आलेलं, मॅट्रिक झालेल्या भाच्याला मामानं दिलेलं, नाहीतर गुरुजींना निरोपाच्या दिवशी शाल-श्रीफळाबरोबर मिळालेलं. "अण्णा, टोपण सोन्याचं हाय म्हणत्यात. कस लावून बघा की."

वडील कसोटी काढायचेच नाहीत. टोपणावर सोन्याचा पातळ पत्रा चढवलेला असेल, तर दगडावर उठणारा कस त्या पत्र्याचा. तो चांगलाच उठणार, आणि आत पितळ ते पितळच. त्यापेक्षा भिंग लावून टोपणाची कड वाचावी. पार्करच्या कडेवर १/१० आणि पुढे १२ कॅरेटची खूण कोरलेली असे. वजनाचा दहावा हिस्सा बारा कॅरेट सोनं, आणि बारा कॅरेट म्हणजे निम्मं सोनं, निम्मी भेसळ. टोपण दहा ग्रॅमचं धरा, चोख सोनं अर्धा ग्रॅम. एवढं ऐकलं की माणसाचा चेहरा पडायचा. मग वडील टोपण बाजूला ठेवून निबेकडे बोट दाखवायचे. "टोपणातलं सोनं मिरवायचं. हितलं राबायचं."

निबेत ते सोनं असून असून किती? चार-दोन गुंजा. टोपणातलं चोख सोनंच जास्त भरेल. पण निबेतलं सोनं तिथं का गेलं, याला कारण आहे, आणि ते शाईत आहे.

आजोबांच्या खतावण्या मोडीत, बोरूनं लिहिलेल्या. शाई काजळ आणि डिंकाची. शाई काळीभोर, पाण्यापावसात जपली तर शे-दोनशे वर्षं तशीच राहते. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारातली मोडी दप्तरं बघा. बोरूचं टोक झिजलं की चाकूनं तासायचं, पुन्हा लिहायला तयार. पण ही शाई फाउंटन पेनात भरली तर काजळाचे कण बारीक वाटेत बसून पेन मुकं होतं. कचेऱ्यांत टाक-दौत आली तशी निळी-काळी शाई आली. ती मायफळ आणि लोहाच्या क्षारापासून बनते. कागदावर फिकी उतरते, हवा लागून काळी पडते, आणि मग सहजी पुसत नाही, म्हणून दस्तऐवजाला हीच. ती आंबट असते. टाकाची पोलादी निब तिच्यात गंजायची, मग फेका आणि दुसरी लावा. न्यूयॉर्कच्या वॉटरमनानं १८८४ मध्ये पेटंट घेतलं ते शाई खाली उतरताना हवा वर जाईल अशा वाटेचं. शाई पेनाच्या पोटातच राहणार म्हटल्यावर न गंजणारी निब हवी होती. सोनं तिथं आलं ते या कामासाठी. एकटं सोनं मात्र कागदावर घासून झिजतं, म्हणून टोकाला इरिडियमसारख्या कठीण धातूचा इवलासा मणी डाखलेला असतो. भिंगातून बघायचा तो हा मणी. तो झिजला असेल, तर बाकीचं कितीही चकाको.

शाहू महाराजांनी १९०१ पासून इथं वसतिगृहं उभी केली, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. खेड्यापाड्यांतल्या कितीतरी घरांत पहिल्यांदाच कुणीतरी लिहून पोट भरू लागलं: मास्तर, कारकून, वकील. माझ्या समजुतीनं पेन भेट द्यायची चाल आमच्याकडे रुजली ती इथून. खिशाला पेन म्हणजे घरात नोकरी आली.

पार्कर ५१ निघालं १९४१ मध्ये. त्याची निब आवरणाखाली झाकलेली, फक्त टोक बाहेर. वरची क्लिप बाणाची. स्वातंत्र्यानंतर परदेशी मालावर बंधनं आली आणि 'फॉरेनचं पेन' हा पाहुण्यारावळ्यांकडून मिळवायचा माल झाला. हुबेहूब तसंच दिसणारं चिनी हिरो ६१६ पुढं बाजारात आलं. कितीजण तेच पार्कर म्हणून आमच्याकडे घेऊन आले असतील! त्याची निब पोलादी, सोन्याचा पत्ता नाही. पण लिहायचं झकास, आणि वडील तसं सांगायचेही.

१९६३ सालची गोष्ट मात्र गुजरी विसरलेली नाही. मोरारजी देसाई अर्थमंत्री होते. चौदा कॅरेटच्या वरचा दागिना घडवायचा नाही, असा नियम निघाला. चौदा कॅरेटचा कोल्हापुरी साज कोण बाई गळ्यात घालणार? कारागीर हातावर हात धरून बसले, काहींनी धंदा सोडला. मी शाळकरी होतो. दुकानातली ती शांतता मला आठवते. त्या दिवसांत वडील एका पार्करची निब भिंगाखाली धरून हसले होते. पार्करच्या निबेचं सोनंही चौदाच कॅरेट! गिऱ्हाईक ज्याला नाक मुरडत होतं, तेच इथं लायक होतं. चोख सोन्याची निब दोन ओळींत फाकली असती; निबेला ताठा येतो तो भेसळीनं. चौदा कॅरेटची अट पुढं गेली, सुवर्ण नियंत्रण कायदाही १९९० मध्ये रद्द झाला.

आता माझ्याकडे येतात ती माँ ब्लाँ. टोपणाच्या माथ्यावर पांढरा तारा. शेफरचा पांढरा ठिपका बघून तोच समजणारेही भेटतात. निबेवर ४८१० कोरलेलं, ती माँ ब्लाँ शिखराची मीटरमधली उंची. शेजारी ७५० असेल तर अठरा कॅरेट, ५८५ असेल तर चौदा. पोरं मोबाइलवर किंमत काढून आलेली असतात, आणि पेनात शाई कधी भरलेलीच नसते. मी कॅमलची साधी निळी शाई भरून त्यांना सही करायला लावतो. बरीचजणं बॉलपेनसारखी दाबून लिहितात; हात हलका ठेव म्हणून सांगावं लागतं.

आजोबांचं जुनं पेन सापडलं असेल, तर निबेची बाजू रात्रभर गार पाण्यात बुडवून ठेवा. गरम पाणी नको, स्पिरिट तर मुळीच नको. आणि टोपण चमकवायला भांड्यांची पावडर घेऊ नका. तो अर्धा ग्रॅमही जाईल.