शून्यावरचा काटा

मोटारसायकलवर ॲमीटर आला तो विजेच्या दिव्यांमागोमाग. सुरुवातीच्या कित्येक गाड्यांवर ॲसिटिलीनचे दिवे असत आणि ठिणगी मॅग्नेटो स्वतःच पाडी. बॅटरीचे काम नव्हते. डायनॅमो आणि बॅटरी आल्यावर मात्र बॅटरीत वीज जाते आहे की तिच्यातून निघते आहे, हे चालवणाऱ्याला कळणे गरजेचे झाले. ॲमीटर तेवढेच सांगतो. शून्य मधोमध, काटा उजवीकडे झुकला तर चार्जिंग, डावीकडे गेला तर डिस्चार्ज. बॅटरी किती भरली आहे, हे तो सांगत नाही. भरलेली बॅटरी फारशी वीज घेत नाही, म्हणून धावत्या गाडीवर शून्याच्या किंचित उजवीकडे थरथरणारा काटा हे बिघाडाचे नव्हे, निरोगीपणाचे लक्षण.

भारतात हा काटा ओळखीचा झाला तो बुलेटमुळे. १९५५ साली मद्रासमध्ये एन्फील्ड इंडिया उभी राहिली आणि इंग्लंडमधल्या रेडिचची ही गाडी इथे बनू लागली. हेडलाइट, स्पीडोमीटर आणि ॲमीटर एकाच ओतीव घरात. इंडिकेटर लावला की त्याच्या तालावर काटा डोलायचा.

पॉइंटच्या, म्हणजे कॉइलचा प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कांच्या, बुलेटवर याच काट्याला एक जादा काम मिळाले, आणि ॲमीटरच्या इतिहासातला सर्वांत सुंदर भाग तोच. चावी फिरवून किक हळूहळू दाबायची. पॉइंट जुळलेले असले की कॉइल वीज ओढते आणि काटा डावीकडे पडतो. पॉइंट इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एकदाच उघडतात, तेही पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाशी आल्यावर; त्या क्षणी काटा शून्यावर परततो. मग डिकॉम्प्रेसर, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका, ओढून किक जराशी पुढे न्यायची, तो सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि पूर्ण लाथ मारायची. हा क्रम चुकला की किक उलट बसे, पायाला चांगलाच हिसका देई. चार्जिंग दाखवायला लावलेला काटा असा बंद इंजिनातल्या पिस्टनचा ठाव सांगू लागला.

इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि बटन-स्टार्ट आल्यावर ही गरज सरली. शिवाय ॲमीटरमधून गाडीचा बहुतेक सगळा प्रवाह जातो. त्याच्या मागची एक वायर सैल झाली की दिव्यांसकट सारे बंद. त्याच्या जागी व्होल्टमीटर लावला तर तो धोका नाही. १२ व्होल्टच्या गाडीवर इंजिन बंद असताना साडेबाराच्या आसपास आणि चालू असताना चौदाच्या आसपास आकडा दिसला, की चार्जिंग ठीक आहे.