भूकंपाची तिथी

भूकंपाची बातमी आली की घरातील वडील माणसाने पंचांग काढावे आणि त्या दिवशीची तिथी पाहावी, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. तिथी अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या जवळची निघाली तर मान डोलावली जाते. तशी न निघाली तर पंचांग मुकाट्याने पुन्हा खुंटीवर जाते. या दुसऱ्या प्रसंगाची नोंद कोणीच ठेवीत नाही. प्रस्तुत लेखात आम्हांस जे सांगावयाचे आहे ते पुष्कळसे या न ठेवलेल्या नोंदीविषयीच आहे.

आरंभ खानदेशापासूनच करू. 14 मार्च 1938 रोजी सकाळी सातपुड्याच्या पोटात, खानदेश आणि निमाड यांच्या सीमेजवळ, सहाहून अधिक परिमाणाचा भूकंप झाला व तो दूरदूरपर्यंत जाणवला. नर्मदा आणि तापी या दोन नद्यांची खोरी खडकांतील मोठमोठ्या भ्रंशांच्या आधाराने घडलेली आहेत. चोपडे तालुक्यात अडावदजवळ उनपदेवाचे ऊन पाण्याचे झरे ज्यांनी पाहिले असतील, त्यांस या भूमीच्या खाली सर्वच काही निजलेले नाही याची खूण पटेल. त्या दिवशी फाल्गुनी पौर्णिमेला दोन दिवस उरले होते. होळी तोंडावर आली होती. पुढे 23 मार्च 1970 रोजी याच पट्ट्याच्या पश्चिम टोकास, नर्मदेच्या मुखाजवळ, भडोच हादरले; तेव्हाही फाल्गुनी पौर्णिमाच होती. एकाच पट्ट्यातील दोन भूकंप आणि दोन्ही होळीच्या संधीस! अशा योगायोगाने ज्याचे मन जरासुद्धा चाळवत नाही, तो मनुष्य फार शहाणा तरी असावा किंवा फार आळशी तरी.

आमचे मन चाळवले, म्हणून आम्ही यादी वाढविली. कांगड्याचा भूकंप 4 एप्रिल 1905 चा. अमावास्या एका दिवसावर होती. बिहारचा 15 जानेवारी 1934 चा. त्या दिवशी अमावास्याच होती. क्वेट्ट्याचा 31 मे 1935 चा. पुन्हा अमावास्येच्या आदल्या दिवशी. अंजारचा 21 जुलै 1956 चा. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी. 30 सप्टेंबर 1993 ची किल्लारीची पहाट तर महाराष्ट्र विसरणे शक्य नाही. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक निजले होते आणि पौर्णिमा लागली होती. 22 मे 1997 रोजी जबलपूर हादरले ती बुद्धपौर्णिमा होती. कच्छचा 26 जानेवारी 2001 चा भूकंप अमावास्येनंतर दोन दिवसांनी झाला. 26 डिसेंबर 2004 रोजी सुमात्राजवळच्या समुद्रतळी झालेला महाभयंकर भूकंप दत्तजयंतीच्या पौर्णिमेचा. इतकी यादी एखाद्या सभेत वाचून दाखविली, तर टाळ्या पडतील यात आम्हांस शंका नाही.

आकाशातील स्थिती आणि भूमीचा कंप यांची सांगड घालण्याची हौस आजची नव्हे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत भूकंपावर एक स्वतंत्र अध्याय आहे. समुद्रातील प्रचंड प्राण्यांमुळे भूमी हलते, पृथ्वी धारण करणारे दिग्गज थकून विसावा घेतात तेव्हा हलते, वायू वायूवर आदळून खाली पडतो त्यामुळे हलते, अथवा लोकांच्या अदृष्टामुळे हलते, अशी निरनिराळ्या आचार्यांची मते तो प्रथम देतो. मग वायू, अग्नी, इंद्र आणि वरुण अशी चार मंडले सांगून नक्षत्रांची त्यांत वाटणी करतो. चंद्र ज्या नक्षत्री असता कंप होईल त्यावरून त्याचे मंडल ठरावयाचे आणि मंडलावरून कोणत्या देशास, कोणत्या राजास, कोणत्या पिकास पीडा होईल ते सांगावयाचे. म्हणजे त्याचा मुख्य रोख, कंप झाल्यावर त्याचा अर्थ काय, याकडे होता. ही अर्थ लावण्याची ओढ किती चिवट असते ते 1934 साली दिसून आले. बिहारचा भूकंप हे अस्पृश्यतेच्या पापाबद्दलचे ईश्वरी शासन होय, असे महात्मा गांधींनी म्हटले आणि रवींद्रनाथ ठाकुरांनी त्याचा जाहीर प्रतिवाद केला. वराहमिहिराने नोंदविलेले अदृष्टाचे मत चौदाशे वर्षांनी पुन्हा वादास उभे राहिले, असेच म्हणावे लागते.

परंतु याच देशात ज्योतिषाची दुसरी एक परंपरा होती आणि तिचे एक ठाणे खानदेशात होते. चाळीसगावाजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या सिद्धान्तशिरोमणीच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला. हा चांगदेव देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी मुख्य ज्योतिषी होता. मठास निकुंभ वंशातील सोइदेवाने दान दिले. त्या दानाचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी 1865 साली विद्वानांपुढे आणला. त्यात शके 1128 चा उल्लेख आहे आणि शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. दान दिले ते श्रावणी पौर्णिमेच्या चंद्रग्रहणप्रसंगी. ज्या मठात ग्रहणाचे गणित शिकवावयाचे, त्याला दानही ग्रहणाच्याच मुहूर्तावर मिळावे, ही गोष्ट आम्हांस मोठी गोड वाटते. भास्कराचार्यांनी गोलाध्यायात पृथ्वीला कोणताही मूर्त आधार नाही असे सांगितले आहे. आधार मानला तर त्याला दुसरा आधार, त्याला तिसरा, असा शेवट न होणारा प्रकार होईल, हा त्यांचा युक्तिवाद. शेषाने फणा हलविल्याने भूमी कापते, ही समजूत पुढेही खेडोपाडी टिकून राहिली. पण सिद्धान्त शिकणाऱ्याच्या लेखी तिला जागा उरलेली नव्हती.

आता प्रश्न असा की, ज्या सूर्यचंद्रांच्या गतीवरून ग्रहण सांगता येते, तिच्यावरूनच भूकंप का सांगता येऊ नये? एकोणिसाव्या शतकात युरोपात हाच प्रश्न अनेकांनी विचारला. फ्रान्समधील दिजाँ येथील अध्यापक अलेक्सी पेरे याने आयुष्यभर भूकंपांच्या याद्या केल्या आणि अमावास्या-पौर्णिमेस, तसेच चंद्र पृथ्वीच्या जवळ असता, भूकंप अधिक होतात असा निष्कर्ष काढला. पृथ्वीच्या कवचाखालील द्रवास समुद्राप्रमाणेच भरती येते, ही त्यामागची कल्पना. ऑस्ट्रियाच्या रुडॉल्फ फाल्बने तर पुढे जाऊन धोक्याच्या दिवसांची कोष्टकेच प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. पेरेच्या परिश्रमांविषयी आम्हांस आदर आहे. फाल्बविषयी तितका वाटत नाही. एकाने नोंदी गोळा केल्या, दुसऱ्याने लोकांची भीती गोळा केली.

या याद्यांस खरी कसोटी लावली ती आर्थर शूस्टर या भौतिकशास्त्रज्ञाने, 1897 साली. त्याचा मुद्दा सोपा, पण मार्मिक होता: भूकंप निव्वळ यदृच्छेने होत असते तरीदेखील काही तिथींस ते थोडे अधिक पडलेले दिसलेच असते, तेव्हा दिसणारे आधिक्य यदृच्छेच्या आधिक्याहून किती मोठे आहे ते आधी मोजा. आमच्या वरील यादीस हीच कसोटी लावू. अमावास्येच्या व पौर्णिमेच्या अलीकडे दोन आणि पलीकडे दोन तिथी धरल्या, तर महिन्याच्या तीस तिथींपैकी दहा आपल्या पदरात आल्या. तीन-तीन धरल्या तर चौदा, म्हणजे जवळजवळ निम्मा महिना! इतके मोठे जाळे टाकल्यावर मासे लागले याचे नवल ते काय?

शिवाय जाळ्यातून निसटलेले मासे मोजावयाचे राहिलेच. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगर उद्ध्वस्त झाले तेव्हा पौर्णिमेला पाच-सहा दिवस अवकाश होता. 8 ऑक्टोबर 2005 चा काश्मीरचा भूकंप अमावास्येनंतर पाच दिवसांनी झाला. 18 सप्टेंबर 2011 चा सिक्कीमचा, पौर्णिमा होऊन सहा दिवस लोटल्यावर. आणि नेपाळात 25 एप्रिल 2015 रोजी जो प्रलय झाला तो शुद्ध पक्षातील अर्ध्या चंद्राच्या दिवशी, व 12 मे रोजी दुसरा मोठा धक्का बसला तो वद्य पक्षातील अर्ध्या चंद्राच्या सुमारास. सूर्य आणि चंद्र यांची ओढ परस्परांस छेद देते, भरती अगदी मंद असते, ते हेच दिवस. अमेरिकेतील सूझन हफ यांनी सतराव्या शतकापासूनचे आठ व त्याहून अधिक परिमाणाचे 204 भूकंप तपासून, मोठे भूकंप विशिष्ट तिथी पसंत करतात काय, अशा प्रश्नार्थक मथळ्याचा निबंध 2018 साली प्रसिद्ध केला. त्याचा सारांश एका शब्दाचा आहे: नाही.

तथापि चंद्राचा भूमीशी काहीच संबंध नाही, असे म्हणणेही अन्यायाचे होईल. चंद्रसूर्यांच्या ओढीने केवळ समुद्रच नव्हे, तर पायाखालचा खडकदेखील दिवसातून दोनदा वरखाली होतो आणि हा चढउतार कित्येक ठिकाणी फुटाहून अधिक असतो. मात्र त्यामुळे खडकात उत्पन्न होणारा ताण हवेच्या दाबाच्या शंभर भागांपैकी एक ते चार भाग इतकाच, आणि मोठ्या भूकंपात मोकळा होणारा ताण त्याच दाबाच्या दहापट ते शंभरपट. मेहरूणचे बोर पुरते पिकले असेल तर वाऱ्याच्या झुळकीनेही खाली येते. कच्चे बोर वादळातही फांदीला धरून राहते. सतत साचत आलेला ताण एखाद्या भ्रंशात शिगेस पोचला असेल तर भरतीची झुळूक निमित्त होऊ शकते. टोकियो विद्यापीठाचे सातोशी इदे व त्यांचे सहकारी यांनी 2016 साली दाखविले की, भरतीचा ताण अधिक असता लहान धक्क्याचा मोठा भूकंप होण्याचा संभव किंचित वाढतो. आमच्या कोयनेनेही निराळ्या मार्गाने हेच शिकविले आहे. शिवाजीसागर भरू लागल्यानंतरच तेथील धक्के वाढले आणि पाण्याच्या चढउताराशी त्यांचे नाते आजवर अभ्यासिले जात आहे. परंतु झुळूक केव्हा येणार ते कळल्याने कोणते बोर पिकले आहे ते कळत नाही. ग्रहणात चंद्र आणि छाया यांच्यामध्ये तिसरे काही नसते. बिंबे, पात आणि गती कळल्या की वेळ घटिकापळांत निघते. भूकंपात मध्ये कित्येक कोस जाडीचा, कोणी न पाहिलेला खडक आहे.

आणि भाकीत म्हणजे स्थळ, काळ व परिमाण ही तिन्ही आधी सांगणे. पौर्णिमा तर साऱ्या पृथ्वीवर एकदम येते. सातहून अधिक परिमाणाचे सुमारे पंधरा आणि सहाहून अधिक परिमाणाचे शंभरावर भूकंप दरवर्षी होतात. तेव्हा येत्या पौर्णिमेच्या आगेमागे कोठे तरी मोठा धक्का बसेल, असे म्हणणारा सहसा हरत नाही. पण जळगावच्या किंवा धुळ्याच्या गृहस्थाने त्या रात्री काय करावे? नोव्हेंबर 2018 पासून पालघर-डहाणू भागात धक्क्यांची मालिका सुरू झाली तेव्हा थंडीत माणसे मुलाबाळांसह घराबाहेर निजत होती. ते धक्के महिनोन्महिने सर्व तिथींना येत राहिले.

सातपुड्याचा 1938 चा आणि किल्लारीचा 1993 चा, हे दोन भूकंप परिमाणाने जवळजवळ बरोबरीचे होते. दोन्ही पौर्णिमेच्या आसपासचे. पंचांगाने तोलले तर ती जुळी भावंडेच ठरतील. पहिल्याचे नाव आज खानदेशातही फारसे कोणास ठाऊक नाही. दुसऱ्याने नऊ-दहा हजार माणसे घेतली. पहिल्याचा उगम बराच खोल होता, दुसऱ्याचा उथळ. आणि किल्लारीच्या घरांच्या भिंती मातीत बसविलेल्या जाड दगडांच्या असून वर माळवदाचे ओझे होते. खानदेशातील जुन्या धाब्यांवरही पावसाळ्यापूर्वी गळतीसाठी खारी माती टाकण्याची रीत आहे. वर्षानुवर्षे थर चढत जातो, आणि खालची लाकडे किती जुनी झाली आहेत ते मात्र सहसा कोणी पाहत नाही.