शर्यती मोटारगाड्यांची ओळख (जुन्या छायाचित्रांवरून)

जुन्या छायाचित्रातील शर्यती मोटारगाडीचा निर्माता, बांधणीचा काळ, चालक आणि शर्यत निश्चित करण्याची पद्धती. मोटार-इतिहासाच्या या शाखेत १९०० ते १९३० या काळातील अमेरिकन गाड्या विशेष अवघड ठरतात. अनेक लहान कारखान्यांनी थोड्याच गाड्या बांधल्या व ते लवकरच बंद पडले. गाड्यांची नावे, एंजिने व मालकही वारंवार बदलत गेले.

गाडीवरील खुणा : रेडिएटरचा आकार, निष्कास नळ्यांची संख्या व बाजू, साखळीचे किंवा दंडाचे चालन, लाकडी अथवा तारांच्या आऱ्यांची चाके आणि पुढील चाकांचे गतिरोधक या मुख्य खुणा होत. चालकाचे आसन नेहमीच निर्णायक नसते, कारण त्या काळी पुष्कळ अमेरिकन गाड्यांचे सुकाणू चक्र उजवीकडेच असे.

नियमांवरून कालनिश्चिती : इंडियानापोलिस येथील ५०० मैलांच्या शर्यतीत १९११ मध्ये एंजिनाची मर्यादा ६०० घन इंच (सु. ९·८ लिटर) होती, ती १९१५ मध्ये ३००, १९२० मध्ये १८३ व १९२३ मध्ये १२२ घन इंचांपर्यंत उतरली. त्यामुळे गाड्या क्रमाने लहान व अरुंद होत गेल्या. तेथे १९१२ ते १९२२ पर्यंत चालकासोबत यंत्रज्ञ बसणे सक्तीचे होते. म्हणून या शर्यतीतील एकासनी गाडी सामान्यतः १९२३ नंतरची असते. १९११ ची विजेती ‘मार्मन वास्प’ ही रे हॅरून याची एकासनी गाडी प्रसिद्ध अपवाद होय. पार्श्वभूमीही उपयोगी पडते : विटांची धाव १९०९ च्या अखेरीस झालेल्या फरसबंदीनंतरची, तर फळ्यांची धाव १९१० नंतरची असते.

छायाचित्रातील फसगती : जुने रासायनिक लेप निळ्या प्रकाशास अधिक व तांबड्यास फार कमी संवेदनशील असल्याने तांबडी गाडी काळी, तर निळी फिकट दिसते, रंगाचा निष्कर्ष त्यावरून काढू नये. काचेची ऋणप्रत उलटी छापली गेल्यास डावे-उजवे बदलते. ८ किंवा ११ यांसारख्या क्रमांकांवरून हे कळत नाही. तेव्हा निष्कास नळ्यांची बाजू अन्य छायाचित्रांशी ताडावी लागते. पडदा-झडपेच्या कॅमेऱ्यामुळे वेगातील चाके पुढे कललेली व लांबट दिसतात. तो रचनेचा विशेष नव्हे.

नावांचा घोळ : १९२० मध्ये गॅस्टन शेव्हरोले याने ‘मन्रो’ नावाच्या गाडीतून इंडियानापोलिसची शर्यत जिंकली, तिची रचना मात्र लुई शेव्हरोले याच्या ‘फ्रंटेनॅक’ गाड्यांचीच होती. जिमी मर्फी याने १९२१ ची फ्रेंच ग्रां प्री ड्यूसेनबर्ग गाडीतून जिंकली. त्याच गाडीत मिलर एंजिन बसवून १९२२ मध्ये तो ‘मर्फी स्पेशल’ या नावाने इंडियानापोलिसला विजयी झाला. अशा वेळी केवळ नाव सांगणे अपुरे असते. सांगाडा व एंजिन यांचा निर्देश स्वतंत्रपणे करावा लागतो.

महत्त्व : जुन्या गाड्यांच्या पुनर्बांधणीत व विक्रीत छायाचित्र हाच अनेकदा अस्सलपणाचा पुरावा मानला जातो. चुकीची ओळख एकदा छापली गेली की तीच पुढे उद्‌धृत होते आणि खऱ्या रचनाकाराचे श्रेय हरवते. १९०८ चा व्हँडरबिल्ट चषक जिंकणारी ‘लोकोमोबील’ क्र. १६ ही गाडी मूळ स्थितीत जतन झाल्याने तुलनेसाठी मोलाची ठरते.

भारतात १९०४ च्या अखेरीस दिल्ली–मुंबई मोटार-चाचणी झाली. तिची छायाचित्रे, तसेच बुलढाणा जिल्ह्यातील खामगावसारख्या जुन्या कापूस-पेठांतील घराण्यांच्या संग्रहांत एखाद्या मोटारगाडीचे छायाचित्र आढळल्यास तेही याच पद्धतीने तपासता येते. छायाचित्रामागील मजकूर हा त्या तपासाचा आरंभ होय, निर्णय नव्हे.