उन्हाळी मुक्काम

उन्हाळी मुक्काम : मार्चपासून पहिल्या पावसापर्यंतच्या काळात डोंगरात, जंगलात, धरणकाठी किंवा किनाऱ्यावर तंबूत वा उघड्यावर केलेली वस्ती आणि तिथे उष्म्याचा त्रास होऊ नये म्हणून करायची व्यवस्था. प्रस्तुत नोंद महाराष्ट्रापुरती आहे. हौसेने ऐन उन्हाळ्यात तंबू ठोकणे ही अलीकडची गोष्ट. इंग्रजी अमदानीतले कलेक्टर राहुट्या घेऊन जिल्हाभर फिरत ते थंडीत. एप्रिल-मे आला की मुंबई सरकार स्वतःच महाबळेश्वरला मुक्काम हलवी. भर उन्हाळ्यात उघड्यावर राहणे वाट्याला येई ते कुणाच्या तरी शेतात मेंढ्या बसवून तिथेच वाडा टाकणाऱ्या धनगरांच्या. शहरी माणसाला मात्र सवड मिळते ती मुलांच्या परीक्षा संपल्यावर. त्यामुळे मोसम चुकीचा असला तरी मुक्काम उन्हाळ्यातच पडतो.

शरीराच्या आतले तापमान ३७° से.च्या आसपास राहावे लागते. त्वचेचे साधारण ३३ ते ३५° असते. हवा त्याहून थंड आहे तोवर अंगातली उष्णता आपोआप बाहेर जाते. पारा पस्तिशीच्या वर चढला की घाम सुकणे ही एकच वाट उरते. एक लिटर घाम अंगावर सुकताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. तोच निथळून जमिनीवर पडला तर फुकट गेला. माठातले पाणी, वाळ्याच्या ताट्यांतून येणारी झुळूक, मानेवरचा ओला पंचा ही सगळी त्याच हिशेबाची रूपे. मुक्कामाची जागा पारखायची साधी रीत म्हणजे पंचा भिजवून, पिळून फांदीवर टाकणे. चंद्रपूरकडे मे महिन्यात तंबू उभा होईतो तो कडक वाळतो. रत्नागिरीकडे संध्याकाळी टाकलेला पंचा सकाळीही दमटच हाती लागतो. आकडा चंद्रपूरचा मोठा, पण अंगाची तलखी बऱ्याचदा कोकणात जास्त, याचा उलगडा तिथेच होतो. हवामान खातेसुद्धा उष्णतेची लाट सगळीकडे एका मापाने मोजत नाही. मैदानात ४०°, किनाऱ्यावर ३७° आणि डोंगराळ भागात ३०° ही त्याची किमान पायरी आहे. त्यापुढे सरासरीपेक्षा पारा किती चढला ते पाहतात.

विदर्भात हवा कोरडी, त्यामुळे तिथे पाण्याचे उपाय चालतात. डोक्याला ओले मुंडासे, अंगात सैल सुती सदरा, बाजेखाली पाण्याचा सडा, बाटलीला गुंडाळलेले ओले फडके. जाड कापडाची पाण्याची पिशवी, म्हणजे छागळ, सावलीत वाऱ्याला टांगली की तिच्या अंगावर बारीक ओल धरते, तळाशी थेंब जमतो आणि तासाभरात आतले पाणी प्यायजोगे गार होते. ठिबकते म्हणून तिला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवणारे महाभाग भेटतात. मग पाणी कोमटच राहते. कोकणात छागळ काय आणि माठ काय, दोन्ही निम्म्याने हरतात. तिथे भिस्त वाऱ्यावर ठेवावी. दिवसा समुद्राकडून खारे वारे येतात, रात्री जमिनीकडून मतलई वारे सुटतात, म्हणून तंबूची दारे या दोन्ही दिशांना उघडणारी हवीत. मधल्या वेळी, संध्याकाळी वारा पडतो, तेव्हा किनाऱ्यावरचा तास-दीड तास खरोखर नकोसा असतो. त्यावर माझ्या माहितीत गुडघाभर पाण्यात जाऊन उभे राहण्यापलीकडे उपाय नाही.

सह्याद्रीचे गणित उंचीचे. हजार मीटर चढले की हवा सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. त्यामुळे हरिश्चंद्रगड किंवा राजगडाच्या माथ्यावर पायथ्यापेक्षा चार-पाच अंशांचा आराम मिळतो, कळसूबाई (१,६४६ मी.) राज्यात सर्वांत उंच, पण तिथे मुक्कामाला सावली नाही. उंचीचा हा फायदा काळा कातळ खाऊन टाकतो. दिवसभर तापलेला बेसाल्ट रात्री दहा-अकरापर्यंत आच सोडत राहतो. सपाट दिसतो म्हणून कातळावर पथारी पसरणाऱ्याची पाठ भाजते आणि पोट गार पडते. गवताची किंवा मातीची जागा लवकर निवते. त्याहून चांगली लेणी आणि कोरीव गुहा : खडकाच्या पोटात दिवसरात्रीचा चढउतार पोचत नाही. हरिश्चंद्रगडावर मंदिराच्या परिसरातल्या गुहांत दुपार काढता येते आणि केदारेश्वराच्या गुहेतल्या कंबरभर पाण्यात मे महिन्यातही पाय बधिर होतात. गडांवरची खांबटाकी याच तत्त्वावर गार राहतात. खांब राखून आत कोरलेल्या त्या टाक्यांतल्या पाण्यावर ऊन पडत नाही, म्हणून ते आटतेही कमी. उघडी टाकी एप्रिलमध्ये हिरवी पडतात किंवा कोरडी होतात. कुठल्या गडावरचे कुठले टाके जूनपर्यंत टिकते हे पायथ्याच्या गावात विचारल्याशिवाय चढू नये. नकाशात टाके दिसते, पाणी दिसत नाही.

तंबू. पॉलिस्टरचा घुमटाकार तंबू पावसासाठी आणि थंडीसाठी उत्तम, उन्हात मात्र भट्टी. पवना धरणाच्या काठावर रविवारी सकाळी साडेसातला पाहावे : एकेका तंबूची चेन सरकते आणि केस विस्कटलेला, घामेजलेला माणूस गुडघ्यांवर रांगत बाहेर येतो. तंबू संध्याकाळी लावतात, त्यामुळे तेव्हाची सावली पाहून जागा धरली जाते. पाहायची असते ती सकाळची. झाड तंबूच्या पूर्वेला हवे. पावसाची भीती नसेल तर वरचे आच्छादन काढून नुसत्या जाळीखाली झोपावे. भीती असेल तर ते तंबूला चिकटू न देता हातभर वर ताणावे, म्हणजे दोन पदरांमधून वारा खेळतो. जुन्या राहुट्यांचे दुहेरी कापड याचसाठी असे. हवा भरायच्या गादीवर पाठ घामेजते, चटई आणि सुती चादर बरी. बॅटरीवरचा छोटा पंखा चाळिशीच्या खाली उपयोगी पडतो. त्यावर तो गरम हवाच तोंडावर मारतो, अंग ओले असेल तरच त्याला अर्थ.

दिनक्रम उलटा करावा लागतो. चढाई पहाटे सुरू करून नवाच्या आत संपवायची, अकरा ते चार हलायचे नाही, स्वयंपाक उन्हे कलल्यावर. तालमीत तयार झालेल्या शरीरालाही उष्म्याची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, हे वातानुकूलित कचेरीतून थेट गडावर येणाऱ्याने विसरू नये. पाणी माणशी दिवसाला चार-पाच लिटर तरी धरावे. नुसते पाणी ढोसत राहिल्यास रक्तातले मीठ पातळ होते, म्हणून ताक, पन्हे, कोकम सरबत, आंबील यांपैकी काहीतरी मीठ घालून पोटात जायला हवे. घरगुती जलसंजीवनीचे प्रमाण एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ असे आहे, चमचा चहाचा. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही ही समजूत निरुपद्रवी आहे, निदान जेवताना तोंडी लावायला तरी होतो.

ऊन लागल्याची सुरुवात डोकेदुखी, मळमळ, पायात गोळे यांनी होते. सावली, विश्रांती आणि मीठ-साखरेचे पाणी मिळाले तर माणूस सावरतो. बोलणे असंबद्ध झाले, तोल जाऊ लागला, अंग चटके बसावे इतके तापले, तर तो उष्माघात. शरीराचे तापमान ४०° ओलांडलेले असू शकते. घाम येतोय म्हणून निर्धास्त राहू नये, उष्माघातातही घाम असू शकतो. कपडे सैल करून अंगावर पाणी ओतत वारा घालणे, काख आणि मान गार करणे हे आधी. १०८ ला फोन त्याच वेळी दुसऱ्याने करायचा. अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते.

गारव्याच्या शोधात नवी संकटे ओढवतात, ती अशी. लेण्यांच्या कपारींत आग्यामोहळे असतात. धूर आणि अत्तर त्यांना चेतवतात. उकाड्याने जमिनीवर उघडे झोपलेल्या माणसाला विंचवाची भीती, विशेषतः कोकणात. तिथल्या लाल विंचवाच्या दंशावर महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा वापर रूढ केला, त्याआधी हे दंश फार जीव घेत. बूट झटकून घालावेत ते विंचवाच्या याच भीतीने. वाळल्या गवतात चूल पेटवली तर वणवा लागतो. सावलीसाठी निवडलेले एकटे झाड वळवाच्या पावसात विजेचे ठिकाण होते. आकाश काळवंडू लागले की तंबूचा मोह सोडून खाली गावात उतरावे.

उन्हाळी मुक्कामाचा सर्वांत कडक प्रकार म्हणजे बुद्धपौर्णिमेचे मचाण. ताडोबा, पेंच, मेळघाट, नागझिरा इथल्या पाणवठ्यांवर त्या रात्री पूर्वी प्राणीगणना होत असे. आता वनविभाग ‘निसर्गानुभव’ म्हणून हौशी माणसांना बसवतो. दुपारीच वर चढायचे, उतरायचे दुसऱ्या सकाळी. तंबू नाही, चूल नाही, सुगंधी तेल नाही, भडक कपडे नाहीत, आणि खालच्या पाण्यावर हक्क अस्वलांचा नि सांबरांचा. बांबूच्या फटींतून पायाला झळ लागते, फांदीला बांधलेली बाटली वाऱ्यावर हलते, बोलायची मुभा नसल्याने उकाड्याबद्दल तक्रारही करता येत नाही. सूर्य बुडाल्यावर कोरडी हवा झपाट्याने निवते. मध्यरात्री ओला पंचा मानेवरून काढून कठड्यावर टाकावासा वाटतो आणि पहाटे चारला, ज्या चादरीची दुपारी अडगळ झाली होती, तीच अंगावर ओढली जाते.