क्लिपबोर्ड, जीटीके आणि मराठी मजकुराचे स्थलांतर : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
धुळे जिल्ह्यातील सोनगीर हे गाव किल्ल्यासाठी आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. या गावाचे नाव जुन्या फॉन्टमध्ये टंकलिखित केलेल्या लेखातून कॉपी करून साध्या मजकुराच्या फाइलमध्ये पेस्ट केले, तर अर्थहीन रोमन चिन्हे उमटतात. हा दोष क्लिपबोर्डचा की मजकुराचा, या प्रश्नाचा ऐतिहासिक अंगाने विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

क्लिपबोर्डची संकल्पना :
कट-कॉपी-पेस्ट ही पद्धत लॅरी टेस्लर व टिम मॉट यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यास झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात विकसित केली. १९८३ मध्ये अ‍ॅपलच्या लिसा संगणकाद्वारे ती बाजारात आली. युनिक्सवरील एक्स विंडो प्रणालीत मात्र क्लिपबोर्ड ही मजकूर ठेवण्याची पेटी नसून दोन प्रोग्रॅममधील करार आहे. कॉपी करताना पहिला प्रोग्रॅम केवळ मालकी जाहीर करतो. पेस्ट करणारा प्रोग्रॅम हव्या त्या स्वरूपात मजकूर मागतो व मालक तेव्हाच तो पुरवतो. साहजिकच, मालक प्रोग्रॅम बंद झाल्यास मजकूरही नाहीसा होतो.

जीटीकेतील फंक्शन :
गिंप या चित्रसंपादकासाठी जन्मलेल्या जीटीके या टूलकिटची २.० आवृत्ती मार्च २००२ मध्ये आली. त्यापूर्वी मालकी, स्वरूपांची यादी व मागणीला उत्तर हे सर्व प्रोग्रॅमरला स्वतः हाताळावे लागे. नव्या क्लिपबोर्ड घटकात मजकूर ठेवण्यासाठी एक व मागण्यासाठी एक अशी सुटसुटीत फंक्शन मिळाली. मजकुराची देवाणघेवाण यूटीएफ-८ या युनिकोड स्वरूपात निश्चित झाली, ही बाब देवनागरीच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची ठरते. पुढे २००४ च्या २.६ आवृत्तीत प्रोग्रॅम बंद होण्यापूर्वी मजकूर क्लिपबोर्ड व्यवस्थापकाकडे सोपविण्याची सोय झाली. २०२० च्या चौथ्या आवृत्तीत या घटकाची पुनर्रचना करण्यात आली.

मराठी मजकुराचा प्रश्न :
भारतीय लिपींसाठी इस्की ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली. युनिकोडमधील देवनागरी विभाग तिच्याच १९८८ च्या आवृत्तीवर आधारलेला आहे. परंतु छपाईच्या व्यवहारात रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरांचे तुकडे बसविणारे फॉन्ट रूढ झाले. युनिकोडमध्ये 'सोनगीर' म्हणजे स, ओकार, न, ग, दीर्घ ईकार व र असे ६ संकेत, यूटीएफ-८ मध्ये १८ बाइट. 'किल्ला' या शब्दातील वेलांटी युनिकोडमध्ये क नंतर साठविली जाते. जुन्या फॉन्टमध्ये ती दिसते तशी, म्हणजे क पूर्वी असते. अशा मजकुरासोबत फॉन्टचे नाव गेले तरच तो वाचता येतो. साधा मजकूर म्हणून पेस्ट करताना नेमके तेच गळते.

निष्कर्ष :
क्लिपबोर्ड हा प्रामाणिक वाहक आहे. त्याच्याकडे दिलेले संकेतच तो पोहोचवतो. दोष मजकूर साठविण्याच्या पद्धतीत आहे. त्यामुळे त्या काळात टंकलिखित झालेल्या प्रबंधांत व लेखांत सोनगीरविषयी माहिती असूनही 'सोनगीर' शोधल्यास ती सापडत नाही. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकासाठी ही हानी अप्रकाशित कागदपत्रांच्या हानीइतकीच गंभीर आहे. म्हणून अशा फाइलचे युनिकोडमध्ये रूपांतर करताना मूळ प्रत जपणे, फॉन्टचे नाव नोंदविणे व विषयाच्या जाणकाराकडून स्थलनामे तपासून घेणे आवश्यक आहे. महाविद्यालयीन ग्रंथालये व इतिहास विभाग यांनी हे काम प्राधान्याने हाती घ्यावयास हवे.