गडी आणि घोडी

राळेगणसिद्धी हे माझं आजोळ. नगर-पुणे रस्त्यावरून वाडेगव्हाणला आत वळलं की येणारं, पारनेर तालुक्यातलं. लहानपणी सुट्टीत गेलो की एक काम हमखास पाहायला मिळायचं, बैलगाडीला वंगण घालण्याचं. बैल सोडलेले असत, गाडी रिकामी असे, पलीकडच्या चाकाला पुढून-मागून दगड लावलेले असत. आजोबा आसाजवळ एक धोंडा ठेवत, त्यावर लांब बल्ली आडवी टाकून तिचं टोक आसाखाली घालत. दुसऱ्या टोकावर मामा सगळं अंग टाकत. चाक जमिनीवरून चार बोटं सुटायचं.

त्या क्षणी चाकाला कोणी हात लावायचा नाही. आजोबा बाभळीचा चौकोनी तासलेला ओंडका आसाखाली सरकवत, मामा बल्ली हळूहळू सोडत, आणि गाडीचं वजन ओंडक्यावर उतरे. मग आजोबा खांद्याने गाडीला एक धक्का देऊन पाहत. ती हलली नाही तरच खीळ निघे, चाक बाहेर ओढलं जाई, आसावरचं काळं, मातकट वंगण चिंधीने पुसलं जाई. “आधी टेकण, मग हात,” एवढंच ते आम्हा पोरांना सांगत.

या कामात दोन क्रिया आहेत, उचलणं आणि पेलणं. बल्लीने उचलायचं, ओंडक्याने पेलायचं. मोटारीच्या जॅकची कुळकथा मला या दोन क्रियांची कथा वाटते. मोटार आली तेव्हा पहिली क्रिया डिकीत बसून आली, दुसरी मात्र मागेच राहिली.

आधी नावाचं पाहू. जॅक हे इंग्रजीतलं माणसाचं नाव, जॉनचं घरगुती रूप. पुढे ते कुठल्याही साध्या माणसाला, हरकाम्या पोराला लावलं जाऊ लागलं. मग त्या पोराचं काम जे अवजार करील त्यालाही तेच नाव पडत गेलं. पायातला बूट ओढून काढणारी खाचेची फळी म्हणजे बूटजॅक. विस्तवापुढे मांस भाजताना सळई फिरवायला पूर्वी पोरगा बसवत. त्याच्या जागी यंत्र आलं, तेही जॅक. ओझं उचलणारं यंत्र याच घराण्यातलं. मराठीत अशा हरकाम्याला नेमका शब्द आहे, गडी. शेतावर राबणारा तो गडी, आणि खेळातला भिडूही गडीच.

इतर काही भाषांनी या कामाला माणूस लावला नाही, जनावरं लावली. स्पॅनिशमध्ये जॅकला मांजर म्हणतात. गाडी ज्यावर टेकवून ठेवायची त्या तिवईला जर्मन माणूस बोकड म्हणतो. आपल्याकडे सुतार ज्यावर फळी आडवी टाकतो ती घोडी, गवंडी ज्यावर उभा राहतो ती घोडी, आणि गॅरेजमध्ये गाडीच्या पोटाखाली लावतात तीही घोडी. पाठीवर वजन घेऊन चारी पाय रोवून निमूट उभं राहणं हेच तिचं काम. फ्रेंच लोक मात्र तिला मेणबत्ती म्हणतात, बहुधा तिच्या ताठ उभं राहण्यामुळे. मला आपलं नाव जास्त पटतं.

आता गड्याचं कूळ. बल्ली म्हणजे तरफ, तिचा जन्म सांगता येणार नाही इतकी ती जुनी. तिचा दोष एकच, माणूस टोकावरून उठला की वजन खाली. हा दोष स्क्रूने घालवला. व्हिलार द ओनकूर या फ्रेंच माणसाची १३व्या शतकातली चित्रांची वही आजही जपलेली आहे. तिच्यात ओझं उचलण्याचं, उभ्या मोठ्या स्क्रूचं यंत्र काढलेलं आहे. स्क्रूचा आटा म्हणजे खांबाभोवती गुंडाळलेला चढ. हा चढ जितका मंद, तितकं फिरवणं हलकं. तो पुरेसा मंद असला की घर्षणामुळे वजन आपल्या जोरावर स्क्रूला उलटा फिरवू शकत नाही. हात काढला तरी ओझं जागच्या जागी राहतं. छोट्या मोटारींच्या डिकीत कात्रीसारखा उघडणारा जो जॅक असतो, त्याच्या पोटात हाच आडवा स्क्रू असतो.

दुसरी शाखा पाण्याची. कोंडलेल्या द्रवावर एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हे १७व्या शतकात ब्लेझ पास्कलने मांडलं. त्यावरून जोसेफ ब्रामा याने १७९५ मध्ये इंग्लंडात दाबयंत्राचं पेटंट घेतलं, आणि १८५१ मध्ये न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजनने उचलून नेता येईल असा हायड्रॉलिक जॅक केला. ट्रकवाल्याकडचा बाटलीसारखा जॅक याच वंशातला. त्याचं गणित हातावर मांडता येतं. लहान दट्ट्याचा व्यास १ सेंटिमीटर आणि मोठ्याचा ४ धरला, तर क्षेत्रफळ १६ पट होतं. दांडीची तरफ २० पट धरू. १० किलोच्या दाबाला १६ आणि २० ने गुणलं की ३,२०० किलो. एका हाताने तीन टन. पण हे तीन टन ज्याच्यावर तरतात ते म्हणजे तेल अडवून धरणारं एक रबरी सील. त्यात धुळीचा कण गेला, ते वाळलं, चिरलं, की तेल झिरपतं आणि गाडी खाली येते. कधी इतकी हळू की कळत नाही, कधी एकदम. त्याचं काम उचलण्यापुरतंच आहे. त्याला रात्रभर उभं करणं हा त्याच्यावर अन्याय आणि आपल्या जिवाशी खेळ.

मुंबईत मोटार १८९८ मध्ये आली. आमच्या भागाला मोटारीची खरी ओळख एसटीने करून दिली. राज्याच्या परिवहन सेवेची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी धावली ती याच नगर-पुणे मार्गावर. गाड्यांबरोबर गॅरेजचे शब्द आले आणि इथल्या जिभेवर रुळले. त्यातला एक मला फार आवडतो, स्टेपनी. वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी नावाचा रस्ता आहे. तिथे १९०४ मध्ये डेव्हिस बंधूंनी आरे नसलेलं, हवा भरलेलं जादा चाक काढलं. ते बसलेल्या चाकाला चिमट्यांनी जोडायचं. त्या काळी मोटारीबरोबर जादा चाक मिळत नसे. त्या एका गल्लीचं नाव आज पारनेरचा ट्रॅक्टरवालाही घेतो.

राळेगणचे अण्णा हजारे लष्करात ड्रायव्हर होते, १९६५ च्या युद्धात खेमकरणला ते ट्रकवरच होते. १९७५ मध्ये ते गावी परतले आणि पुढची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. गावाच्या कामाबद्दल बोलताना लोक बंधाऱ्यांची आणि श्रमदानाची आठवण काढतात. मला मात्र ड्रायव्हरच्या धंद्याचीही आठवण येते. चालत्या रस्त्यावर मदतीला कोणी नसताना स्वतःच्या गाडीचं चाक उतरवायला ज्याला शिकावं लागतं, त्याला कशाखाली काय ठेवायचं याचं भान येतं.

माझ्याकडे ते नव्हतं. काही वर्षांपूर्वी आजोळच्याच अंगणात माझ्या छोट्या गाडीचं मागचं चाक बसलं. हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलमध्ये. मी डिकीतला जॅक लावला, चाक हवेत नेलं आणि मग नट सोडवायला पान्ह्यावर जोर दिला. गाडी डुलली, जॅक तिरपा झाला, निसटला. बसलेलं चाक मुरमावर आदळलं आणि जॅक उडून पलीकडे पडला. मी बाजूला होतो म्हणून वाचलो. मामा ओट्यावरून धावत आले, माझे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, “टेकण कुठंय रं?”

चुका एकीवर एक होत्या. नट आधी, चाक जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले करायचे असतात. हवेतल्या चाकावर जोर लावला की सगळी गाडी हेलकावते. बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांनाच धरतो. मागचं एक चाक उचललं की ब्रेक एकट्या उरलेल्या चाकावर येतो आणि गाडी त्याच्याभोवती फिरू पाहते. माझ्या गाडीत इंजिन पुढची चाकं फिरवतं; गिअर टाकला असता तर त्याने ती दोन्ही धरून ठेवली असती. उलट, अशाच गाडीचं पुढचं एक चाक हवेत नेलं तर गिअरचा भरवसा नाही, कारण डिफरन्शिअल हवेतल्या चाकाला मोकळं फिरू देतं आणि जमिनीवरचं सरकू शकतं. तिथे हँडब्रेक हवा. म्हणून दोन्ही लावायचे, आणि तरीही तिरक्या बाजूच्या चाकाला दगड. जमीन सपाट आणि टणक हवी. आमच्याकडचा मुरूम बरा. काळ्या मातीत जॅकचा पाय लोण्यात सुरी जावी तसा उतरतो, तिथे जाड फळी घालावी. जॅक लावायची जागाही ठरलेली असते, दाराखालच्या पत्र्याच्या दुहेरी कडेला दोन खाचा असतात त्यांच्यामध्ये.

नुसतं चाक बदलायचं असेल तर एवढ्याने भागतं. काढलेलं चाक तेवढं कडेखाली आडवं सरकवून ठेवावं. पण अंगाचा कुठलाही भाग गाडीखाली जाणार असेल तर घोडी लागतेच. तीन किंवा चार पायांची, मधल्या दांड्याला भोकं किंवा दाते आणि अडकवायला पिन किंवा खटका असलेली. तिच्यात ना तेल आहे, ना सील, ना फिरणारा आटा. पोलादाच्या दोन तुकड्यांमध्ये एक पिन किंवा खटका; तो नीट बसलेला असला की काही झिरपून किंवा फिरून गाडी खाली येत नाही. विटा आणि सिमेंटचे पोकळ ब्लॉक यांना तिच्या जागी घेऊ नये; ते वाकून इशारा देत नाहीत, एका टिचकीने फुटतात. बाभळीचा ओंडका निदान करकरतो.

या घोडीचा जनक म्हणून कोणा एकाचं नाव घेतलं जात नाही. डजनचं नाव लागलं, ब्रामाचं लागलं. पेलणाऱ्याचं नाव राहत नाही. गोवर्धनाची गोष्ट सांगताना आपण कृष्णाची करंगळी सांगतो आणि काठ्या लावणाऱ्या गोपाळांना हसतो. मला ते गोपाळ जवळचे वाटतात. करंगळीवर विश्वास ठेवूनही त्यांनी काठी लावली.

त्या प्रसंगानंतर मी दोन घोड्या घेतल्या, गाडीच्या वजनाला पुरून उरतील अशा. गाडी त्यांच्यावर उतरवली की मी खाली जाण्याआधी खांद्याने एक धक्का देतो, आजोबा देत तसाच. आजोळची बैलगाडी कधीच गेली, तिचा ओंडका मात्र मामांनी मला दिला. वरच्या अंगाला आसाने पाडलेली खोबण आहे, अंगठा बसेल एवढी खोल. मागचं चाक उचलायचं असलं की तो तिरक्या बाजूच्या पुढच्या चाकाला लावतो.